काचेचा दाढीवाला आणि आम्ही दोघी

महिनाभर इंग्लंडात राहून आले आणि राजवाडा पाहिला नाही, ते मोठं घड्याळ पाहिलं नाही, हे कळल्यापासून साताऱ्यातल्या माझ्या मैत्रिणी माझ्याशी जरा जपून बोलायला लागल्या आहेत. "मग केलंस काय महिनाभर?" असं विचारतात. मी म्हणते, "मणी पाहिले." त्यावर त्या एकमेकींकडे बघतात आणि चहाचं आधण ठेवायला उठतात. म्हणून म्हटलं, जे झालं ते एकदा सविस्तर लिहून काढावं.

आमचं साताऱ्यात चष्म्याचं दुकान आहे. मी डोळे तपासते, आणि हे, म्हणजे माझे यजमान, फ्रेमा विकतात. मण्यांचा नाद मला लहानपणापासूनचा. घरात बिस्किटांच्या डब्यांतून फिरोजाबादचे, नागालँडचे, व्हेनिसचे, जत्रेतले असे सगळे मणी एकमेकांशी गुण्यागोविंदाने नांदतात. फक्त एका जातीचा मणी माझ्याकडे नव्हता. तो म्हणजे फिनिशियन लोकांचा.

हे फिनिशियन आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे दर्यावर्दी व्यापारी. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रावर यांची जहाजं फिरायची आणि त्यांच्याबरोबर काचेचे मणी फिरायचे. निळी काच, तिच्यावर पांढरं कडं, त्या कड्यात परत निळा ठिपका. बघता बघता तो ठिपका डोळा होतो आणि आपल्याकडे बघायला लागतो. दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात घालायचे. आपण बाळाच्या गालावर काजळाची तीट लावतो, तीच गोष्ट यांनी काचेत केली. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारणाऱ्या बाईला या मण्यांनी वेड लावलं नसतं तरच नवल.

आणि डोळ्यांहून भारी म्हणजे त्यांची डोकी. बोटाच्या पेराएवढं काचेचं डोकं, पिवळट चेहरा, बटबटीत डोळे, खाली निळ्या काचेच्या वेटोळ्यांची दाढी, जणू भातुकलीच्या खेळातल्या चकल्या ओळीने मांडल्यात. वर ओवायला कडी. चेहऱ्यावर भाव असा, की नुकतंच कुणीतरी त्याला भलतंच काही सांगितलंय. जगभरचे मणीवेडे या दाढीवाल्यांसाठी जीव टाकतात. मीही टाकत होते, पण फोटोंवर.

हे फोटो बघण्यासाठी मी मणी जमवणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये होते. तिथे लंडनच्या फ्लोरा नावाच्या बाईंशी माझी इंग्रजीतून चांगली ओळख झाली होती. एकदा मी यांना पाठवायचा व्हॉइस मेसेज चुकून त्या ग्रुपवर टाकला. "अहो, येताना कोथिंबीर आणा, आणि नुसती दांडकी उचलून आणू नका." मी घाईघाईने तो पुसायला गेले, तेवढ्यात फ्लोराबाईंचं उत्तर आलं. तेही आवाजात, तेही मराठीत. "इथे पण दांडकीच मिळतात गो बाय!"

मी दुकानात खुर्चीवरून पडायची राहिले.

फ्लोराबाई भायखळ्यात वाढलेल्या ज्यू. त्यांचे पूर्वज कोकणातले शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. लग्नानंतर त्या लंडनला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. वय ब्याऐंशी. त्या दिवसापासून त्या माझ्या फ्लोरामावशी झाल्या. आणि यंदा वसंतात माझा मुलगा अमेय म्हणाला, "आई, आता ये," तेव्हा मी ज्या उत्साहाने पिशव्या भरल्या, तो पाहून यांना शंका आली की ही नक्की मुलाकडेच चालली आहे ना.

बेसिंगस्टोक

अमेय बेसिंगस्टोकला असतो. तिथल्या एका ऑफिस पार्कमधल्या कंपनीत तो काम करतो. या गावाला चौक नाहीत, सगळे राउंडअबाउट. अमेयच्या गाडीतून भाजी आणायला जायचं म्हणजे देवळात प्रदक्षिणा घातल्यासारखं. "आई, ही तिसरी एक्झिट," असं तो सांगेपर्यंत मला गरगरलेलं असायचं. बाकी गाव फार निवांत. शेजारीपाजारी निम्मे पुण्याचे. पहिल्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरची मुलगी थालीपीठ घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, भाजणी कौन्सिलच्या बिनमध्ये टाकायची वेळ आली होती, एक्स्पायरी गेलीय, पण चालतं ना?" चाललं. उत्तम चाललं.

तिसऱ्या दिवशी फ्लोरामावशींचा फोन आला. आवाज दबका.

"वृंदा, बसलीयस का?"

"बसलेय मावशी. काय झालं?"

"दाढीवाला आलाय. एडिनबराला. लिलावात."

मी उभी राहिले.

स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा जुन्या घरातला संग्रह विकायला निघाला होता आणि त्यात एक फिनिशियन डोकं होतं. मावशींना ते घ्यायचं होतं. मी बरोबर यावं अशी त्यांची इच्छा होती, कारण त्यांचा उजवा हात थरथरतो. "मागच्या लिलावात माझा हात हलला आणि मी एक शिंगवालं हरणाचं डोकं विकत घेता घेता वाचले. पाटी तू धरायचीस." आणि मग फार गंभीरपणे त्या म्हणाल्या, "पण आपण घेणार आहोत हे कुणाला बोलायचं नाही. पोटच्या पोराला पण नाही. बातमी फुटली की भाव फुटतो."

मी शपथ घेतली. अमेयला एवढंच सांगितलं, की मावशींबरोबर एडिनबराला एक लिलाव बघायला जाते. नुसता बघायला. मात्र जायच्या आदल्या दिवसापर्यंत मी त्याच्या लॅपटॉपवर त्या दाढीवाल्याचा फोटो मोठा करकरून बघत होते. स्वयंपाक करताना सुद्धा तो ओट्यावर उघडा होता. अमेय येता-जाता बघायचा आणि म्हणायचा, "आई, हा माणूस आपल्याकडेच राहायला आलाय का?"

लंडन

मावशी उत्तर लंडनमध्ये राहतात. दार उघडलं तर समोर एक उंच, सरळ बाई. कापलेले पांढरे केस, गळ्यात काळ्या मण्यांची पोत आणि अंगात जांभळा ट्रॅकसूट. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "पाया पडू नको, चप्पल काढ. कार्पेट नवीन आहे." मग मला जवळ घेतलं ते सोडेचनात.

जेवायला नारळाच्या दुधातली माशाची कढी होती, आंबटसर, कोकणातली. शेवटी गव्हाच्या चिकाचा हलवा, गुलाबी, वर बदामाचे काप. मी दोनदा घेतला. मावशी म्हणाल्या, "तिसऱ्यांदा घे, डोळे तिकडेच आहेत तुझे."

मग त्यांनी टेबल पुसलं, हात धुतले, मलाही धुवायला लावले, आणि एका मऊ पिशवीतून माळ काढली.

अठरा डोळ्यांचे मणी. एकेक मणी वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेला. काही गडद निळे, काही हिरवट, एक मधाच्या रंगाचा. काचेवर मातीतल्या शतकांचा पापुद्रा आलेला, त्यावर साबणाच्या फुग्यासारखे रंग फिरतात. नऊ या बाजूला, नऊ त्या बाजूला, आणि मध्ये नुसता दोरा.

"मध्ये काय?" मी विचारलं, तरी मला कळलं होतंच.

"तोच. दाढीवाला. कितीदा आला गो लिलावात! एकदा मी आजारी, एकदा नवरा आजारी, एकदा एका जपानी माणसाने टेलिफोनवरून नेला."

त्यांनी मला भोकाच्या कडा दाखवल्या. दोरा घासून घासून गुळगुळीत झालेल्या. नकली मण्याची कड बहुतेकदा नवीच राहते, म्हणाल्या. आणि मणी कुठून कुठून आला याचे कागद नसले तर मावशी त्याला हातही लावत नाहीत. खणून चोरलेला माल गळ्यात घातला तर झोप येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"पण मावशी, लोक एवढे वेडे का होतात याच्यासाठी? सोनं नाही, हिरा नाही. काच तर आहे."

"सोनं बघितलं की माणूस विचारतो, किती तोळे? हे बघितलं की विचारतो, कुणाचं होतं?" त्यांनी एक मणी माझ्या तळहातावर ठेवला. "घे. हा कुणाचा होता सांग."

मला सांगता आलं नाही. पण मी जेवढा वेळ त्याला हातात धरलं, तेवढा वेळ मला वाटत होतं, कुणीतरी बाई मागे उभी आहे आणि परत दे म्हणतेय.

एडिनबरा

गाडीचं वर्णन करत नाही. बेरिकजवळ रुळाला चिकटून समुद्र आला आणि आम्ही दोघी शाळेतल्या मुलींसारख्या खिडकीला नाक लावून बसलो, एवढंच सांगते.

एडिनबराला उतरलो तर गाव गायब. किल्ला डोंगरावर आहे म्हणतात, पण डोंगरच नव्हता. सगळीकडे पांढरं धुकं, खारट वासाचं. टॅक्सीवाला म्हणाला, "इट्स द हार."

मावशी एकदम पुढे झुकल्या. "कुठे आहे हार? कुणाचा?"

मग उलगडा झाला, की समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला तिथे हार म्हणतात. तो बिचारा सांगत होता की उद्यापर्यंत जाईल. आम्ही मागे हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होतो. गळ्यातल्यालाही हार आणि हरण्यालाही हार, हे मराठीतलं त्याला कसं समजवायचं? मावशींनी प्रयत्न केला. तो म्हणाला, "व्हेरी गुड," आणि रेडिओ मोठा केला.

लिलावाच्या आदल्या दिवशी वस्तू हातात घेऊन बघता येतात. एका तरुण मुलीने मखमलीच्या ट्रेमधून दाढीवाला आणला. फोटोत वाटतो त्याहून तो लहान होता. मावशींनी तो दोन बोटांत धरला आणि आधी गालाला लावला. खरी काच थंड लागते, हे त्यांनी मला सांगितलं होतं. पण थंड आहे हे कळल्यावरही त्यांनी तो गालावरून काढला नाही. डोळे मिटले. ती मुलगी सभ्यपणे दुसरीकडे बघायला लागली.

मग माझी पाळी. मी दुकानातलं भिंग आणलं होतं. दाढीचं एकेक वेटोळं बघितलं, कान बघितले, आणि शेवटी सवयीने डोळे तपासले. डाव्या डोळ्याची बाहुली किंचित आत सरकलेली.

"मावशी," मी म्हणाले, "हा तिरळा आहे."

"म्हणूनच एवढी वर्षं मी त्याला दिसले नाही," मावशी म्हणाल्या.

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझा जीव त्याच्यात अडकला. मावशींसाठी आले होते, पाटी धरायला आले होते, पण तो माझ्या हातातून परत ट्रेमध्ये ठेवताना बोटं सुटत नव्हती. मी हे मावशींना बोलले नाही.

संध्याकाळी आम्ही शाकाहारी हॅगिस खाल्लं. मूळ पदार्थात मेंढीच्या पोटातलं काय काय असतं, ते मावशींच्याही धर्मात बसत नाही आणि माझ्याही. शाकाहारी म्हणजे ओट, डाळ आणि गाजर, भरपूर मिरपूड घालून. शेजारी सलगमाचा आणि बटाट्याचा गोळा. मी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "अहो, ही तर मसाल्याची खिचडी, पाणी आटलेली!" मावशी म्हणाल्या, "वर तूप मागू का?" मागितलं. लोणी आलं. तेही चाललं.

लिलाव

दुसऱ्या दिवशी खरोखरच हार गेला होता. किल्ला निघाला, ऊन निघालं. सभागृहात पन्नासेक माणसं, बरीचशी आमच्याच वयाची, आणि सगळ्यांचे चेहरे असे कोरे की जणू इथे चुकून आलोय. लाल चष्म्यातली एक बाई लिलाव करत होती. फ्रेम तिला दोन नंबर मोठी होती, पण ते असो.

आमचं ठरलं होतं. मावशींनी माझ्या मांडीला चिमटा काढला की नंबराची पाटी वर. चिमटा नाही, तर पाटी नाही.

दाढीवाला आला. पडद्यावर त्याचा तो चेहरा केवढा मोठा झाला! सुरुवातीला चार-पाच पाट्या होत्या. बघता बघता दोन गळल्या, मग आणखी एक. शेवटी उरलो आम्ही आणि इंटरनेटवरचा कुणीतरी. आम्ही वाढवलं की लाल चष्मा म्हणायची, "इन द रूम." आणि लगेच बाजूच्या कॉम्प्युटरकडे बघून, "ऑनलाइन." रूम. ऑनलाइन. रूम. ऑनलाइन. माझी मांडी निळी पडायला आली होती. मधूनमधून पर्समध्ये फोन गुरगुरत होता, पण तिकडे कुणाचं लक्ष!

मावशींनी स्वतःला घालून घेतलेली मर्यादा आम्ही मागे टाकली. मग ती थोडी आणखी मागे टाकली. आकडा लिहीत नाही, आमचे हे हा लेख वाचणार आहेत.

मग चिमटा आला नाही.

मी वळून बघितलं. मावशी समोर बघत होत्या. हलकेच म्हणाल्या, "बस झालं बाय. खाली घे."

हातोडा पडला. दाढीवाला ऑनलाइनवाल्याचा झाला.

"कोण मेला होता देव जाणे," मावशी म्हणाल्या आणि नाक पुसलं. "चल, चहा पिऊ."

त्या पाकीट शोधत होत्या, म्हणून मी फोन काढला. अमेयचे मेसेज होते, ओळीने.

"आई, लिलाव सुरू झाला का गं?"

"तू रूममध्येच आहेस ना? तुझ्या त्या दाढीवाल्यावर कोणीतरी जाम हट्टी माणूस बसलाय तिथे."

"पाटी खालीच घेत नाहीये!! म्हातारी वगैरे आहे का कोणी?"

"बघ हं आता."

"मिळालं!!! हॅपी बर्थडे आई!"

मी ते वाचलं. परत वाचलं. माझ्या मनात लाडू फुटले, हे मी लपवणार नाही. तो माझा होता! तो तिरळा, घाबरलेला, चकल्यांच्या दाढीचा माझा होता! आणि दोन हातांवर फ्लोरामावशी ट्रॅकसूटची चेन वर ओढत रिकाम्या पडद्याकडे बघत उभ्या होत्या.

चहाच्या दुकानात त्यांनी शॉर्टब्रेड मागवलं. म्हणजे आपल्या नानकटाईची तिकडची थोरली बहीण. मावशी एक तुकडा मोडून म्हणाल्या, "जाऊ दे. ज्याला मिळालं त्याला आनंद झाला असेल ना. तेवढं तरी."

यावर माझ्या घशात शॉर्टब्रेड अडकलं. पाठीत धपाटे बसले. पाणी आलं. आणि पाणी पिऊन झाल्यावर मी फोन त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. चेहरा अगदी कोरा. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत.

"म्हातारी वगैरे आहे का कोणी!" मावशी ओरडल्या आणि टेबलावर हात आपटून हसायला लागल्या. अख्खं दुकान वळून बघायला लागलं. "वृंदा, अगो, आपण तुझ्याच पोराला लुटला गो!"

मी तिथूनच अमेयला फोन लावला.

"अमू, ती हट्टी म्हातारी मी होते."

"काय?"

"पाटी माझ्या हातात होती. मावशींसाठी."

"आई!! मग सांगायचं ना! मी अर्ध्या किमतीत... ओ गॉड. मी माझ्याच आईला आउटबिड केलं?"

"चार वेळा."

"आय ॲम सो सॉरी. पण आई, थांब, यू शुड हॅव टोल्ड मी!"

"शपथ घेतली होती रे." मावशी कप बशीत फिरवत होत्या. पुढचं वाक्य बोलायला मला जेवढं जड गेलं, तेवढं फार कमी वेळा गेलं असेल. "अमू, तो मी मावशींना दिला तर तुला राग येईल का?"

"तुझं गिफ्ट आहे. तू काहीही कर. थेम्समध्ये टाक." मग हळूच, "पण तुला हवा होता ना?"

"होता," मी म्हणाले. "फार."

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी अमेयच्या संमतीची ईमेल दाखवून आम्ही दाढीवाला ताब्यात घेतला आणि लंडनची गाडी पकडली. मावशींना धीर निघेना. न्यूकॅसल येईपर्यंत त्यांनी जुना दोरा सोडला होता आणि सगळे मणी टेबलावर हातरुमालात काढून ठेवले होते. नवीन दोरा म्हणून दात साफ करायचा फ्लॉस. मजबूत असतो, म्हणाल्या.

"आता ऐक. मी फुकट घेणार नाही. यातले पाच मणी तुझे. निवड."

"छे, मावशी, पाच? एक पुरे."

"एका डोक्याला एक मणी? मला काय लाज नाही? सहा घे."

"एकच."

"सात!"

तुळशीबागेत मी उभा जन्म भाव पाडून घेतला, पण असा उलटा बाजार कधी केला नव्हता. आम्ही शांततेच्या डब्यात बसलो होतो, तिथे फोनवरही बोलायचं नसतं. पलीकडच्या सीटवरचे एक गृहस्थ, राखाडी सूट, घडी घातलेलं वर्तमानपत्र, त्यांनी दोनदा घसा खाकरला. तिसऱ्यांदा खिडकीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. आम्ही माफी मागून कुजबुजत भांडायला लागलो.

"बरं, एक तर एक. कुठला?"

मी बघितलं. टपोरे होते, चमकणारे होते. पण माझा हात गेला तो एका साध्या, एका बाजूने टवका गेलेल्या निळ्या मण्याकडे. त्याचा एकच डोळा धड होता, पण तो थेट माझ्याकडे बघत होता.

मावशींनी चष्मा नीट केला.

"तोच का? सगळे सोडून तोच?"

तो त्यांचा पहिला मणी होता. लंडनला आल्यावर नवरा दिवसभर कामावर, शेजारी कुणी बोलेना, थंडीत बाहेर पडायची भीती. एक दिवस रस्त्यावरच्या बाजारात जुन्या बटणांच्या वाडग्यात हा दिसला. काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. गोटी वाटली होती. "पण वृंदा, त्या अख्ख्या गावात माझ्याकडे सरळ बघणारा तो पहिला होता."

"मग नको, मावशी. दुसरा घेते."

"आता तर तोच घ्यायचा."

"नको!"

"घे म्हणते ना!" आणि त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. त्यांचा उजवा हात थरथरला, रुमालाचं टोक बोटात अडकलं, आणि पीटरबरोच्या अलीकडे गाडीने एक वळण घेतलं.

अठराच्या अठरा मणी टेबलावरून उडाले.

पुढची काही मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. दोन हजार वर्षं टिकलेले मणी इंग्लंडच्या रेल्वेच्या सीटखाली टपटप घरंगळत होते. मी दाढीवाल्याला मुठीत धरून किंचाळले, चक्क मराठीत, "कुणी हलू नका! पाय उचला!" आणि काय आश्चर्य, सगळ्यांनी पाय उचलले. मावशींनी इंग्रजीत दोन वाक्यांत सांगितलं, की हे काय आहेत आणि किती जुने आहेत. त्यानंतर तो शांततेचा डबा राहिला नाही. एक बाई गुडघ्यांवर आली. कॉलेजातल्या दोन मुली फोनचे दिवे लावून आडव्या झाल्या. एक सरदारजी बॅगा उचलून धरत होते. "गॉट वन!" "हिअर, अनदर!" प्रत्येक मणी सापडला की अख्खा डबा टाळ्या वाजवत होता. ज्याला सापडायचा तो लगेच द्यायचा नाही. आधी उजेडात धरून बघायचा, मग शेजारच्याला दाखवायचा. राखाडी सूटवाले गृहस्थ वर्तमानपत्र पसरून त्यावर गुडघे टेकून माझ्या सीटखाली घुसले होते.

लंडन आलं तेव्हा सतरा मणी सापडले होते.

कुठला नव्हता ते सांगायला नकोच. लोक हळहळत उतरले. सरदारजींनी मावशींची बॅग खाली उतरवून दिली. आम्ही दोघींनी रिकाम्या डब्यात परत एकदा बघितलं, सफाईवाल्यांनी बघितलं, आणि शेवटी गाडी रिकामी करायची म्हणून आम्हाला उतरवलं. मावशी प्लॅटफॉर्मवर चालताना एकदम लहान दिसत होत्या. मी म्हणाले, "माझ्यामुळे." त्या म्हणाल्या, "गप."

तेवढ्यात मागून कुणीतरी "एक्स्क्यूज मी! लेडीज!" असं ओरडत आलं. राखाडी सूट. केस विस्कटलेले, गुडघ्यांवर धूळ. जिन्यापर्यंत गेले होते, म्हणाले, पायाला काहीतरी टोचलं म्हणून थांबले, तर पँटच्या दुमडलेल्या घडीत हा. त्यांनी मूठ उघडली.

निळा, टवका गेलेला.

मावशींनी तोंडावर हात ठेवला. त्यांनी हात पुढे केला नाही. गृहस्थांनीही लगेच दिला नाही. ते मण्याकडे बघत होते. "अजब आहे," ते इंग्रजीत पुटपुटले, "मी जिन्यावर याच्याकडे बघत उभाच राहिलो. असे मिळतात कुठे?"

"सांगते," मावशी म्हणाल्या, "पण आधी तो हिला द्या. हिचा आहे तो."

त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. त्यांच्या मुठीत राहून तो कोमट झाला होता. मी मूठ मिटली आणि लगेच उघडली, आहे ना ते बघायला. मग आम्ही तिघंही वाकून बघत उभे राहिलो, आणि मागून येणारी गर्दी आम्हाला वळसा घालून पुढे जात राहिली.